शेजारचा मोकाट कोंबडा आणि आपल्या परसातल्या कोंबड्या

रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाडीतून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरामागच्या परसात आठ कोंबड्या आहेत. त्यांतल्या पाच वनराज आणि ग्रामप्रिया जातीच्या, तर तीन गावठी आहेत. त्या केवळ अंड्यांसाठी पाळलेल्या असल्याने घरचा कोंबडा नाही. शेजारच्यांचा एक दांडगा कोंबडा मात्र रोज सकाळी गडगा ओलांडून येतो, दाणा खातो, कोंबड्यांच्या मागे लागतो आणि संध्याकाळी आपल्या खुराड्याकडे परततो. दोन कोंबड्यांच्या पाठीवरची पिसे गेली आहेत आणि एकीच्या कुशीला जखम झाली आहे. अंडी आता खाण्याजोगी राहिली का, कोंबड्याला कसे थांबवायचे, आणि शेजाऱ्यांशी वाकडे न येता हे कसे जमवायचे, असे तीन प्रश्न विचारले आहेत.

या तिन्हींची उत्तरे पुढे देतो. परंतु न विचारलेला एक चौथा प्रश्न त्यांच्यापेक्षा मोठा आहे, आणि तो म्हणजे हा कोंबडा येताना आपल्याबरोबर काय घेऊन येतो. अंडी फलित होणे ही फारशी चिंतेची गोष्ट नाही आणि पिसेही पुन्हा येतात. पण बाहेरून आलेला रोग आठच्या आठ कोंबड्या एका आठवड्यात नेऊ शकतो. म्हणून त्या विषयावर मी अधिक लिहिणार आहे. त्याआधी जखमी कोंबडीकडे पाहू.

तिला आजच इतरांपासून वेगळी करा. कोंबड्यांना रक्ताचा लाल रंग दिसला की त्या तिथेच टोचत राहतात, आणि कोंबड्याने केलेल्या लहानशा जखमेचे मोठे भगदाड बऱ्याचदा सोबतच्या कोंबड्याच करतात. तिला डालग्याखाली ठेवा, मात्र डालगे असे ठेवा की ती बाकीच्यांना दिसत राहील. पूर्ण नजरेआड ठेवलेली कोंबडी आठ-दहा दिवसांनी परत सोडली तर तिला परकी समजून मारतात. जखम नीट पाहण्यासाठी कोंबडीला काखेत धरून पंख वर उचला. कोंबडा पाठीवर चढून तोल सावरताना त्याच्या नख्या आणि टाचेवरचा काटा बाजूला घसरतो, त्यामुळे खरी चीर पाठीवर नसून पंख आणि मांडी यांच्या मधल्या पातळ कातडीला असते आणि पंख मिटलेला असताना ती अजिबात दिसत नाही. भोवतालची पिसे उपटू नका, कात्रीने कापा. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने किंवा कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुऊन कोरडी करा आणि जखमेच्या कडेने करंजाचे किंवा कडुनिंबाचे तेल लावा, म्हणजे माश्या बसणार नाहीत. पावसाळ्यात हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण ओल्या जखमेत एक-दोन दिवसांतच अळ्या पडतात. कातडी फाटून आतले मांस दिसत असेल तर घरगुती उपचारांत वेळ न घालवता पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन टाके घालून घ्यावेत.

पाठीवरची पिसे गेली म्हणजे ती कोंबड्यानेच घालवली, असे लगेच ठरवू नये. कोंबड्याच्या चढण्यामुळे पिसे जातात ती डोक्याच्या मागच्या भागातली, जिथे तो चोचीने पकडतो, आणि पाठीच्या दोन्ही बाजूंची, जिथे त्याचे पाय टेकतात. तिथे पिसांचे तुटलेले दांडे दिसतात. पिसे झडण्याचा नैसर्गिक काळ असेल तर गळती डोके आणि मानेपासून सुरू होऊन खाली सरकते, आणि जागोजागी नव्या पिसांची निळसर टोके कातडीतून वर येताना दिसतात. उवा असतील तर गुदद्वाराच्या भोवतालची पिसे विरळ होतात आणि पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरट गठ्ठे चिकटलेले असतात. रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात शिरा आणि प्रत्येक कोंबडीच्या शेपटीखालची पिसे फुंकून पाहा. तुमच्या कोंबड्यांना कोंबड्याचा आणि उवांचा असे दोन्ही त्रास असण्याची शक्यता बरीच आहे, कारण मोकाट कोंबडा एका कळपाच्या उवा दुसऱ्या कळपाला पोचवतो.

ज्यांची पाठ उघडी पडली आहे त्यांच्यासाठी जाड सुती कापडाचे झबले शिवता येते. पाठ झाकणारा एक तुकडा आणि दोन्ही पंखांच्या बुडाशी अडकणारे इलॅस्टिक एवढे पुरते. कोकणातल्या दमट हवेत ते रोज काढून आतली कातडी पाहावी लागते, नाहीतर खाली उवांचे घर होते. हा तात्पुरता उपाय आहे. जोवर कोंबडा येतो आहे तोवर नवी पिसे फुटताच पुन्हा तुटणार, आणि कोवळ्या पिसांत रक्त असल्याने त्या वेळी तुटणे अधिक दुखते.

आता अंड्यांविषयी. कोंबडीला अंडे देण्यासाठी कोंबडा लागत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कोंबडा आल्याने अंड्यांची संख्या वाढत नाही. उलट कोंबड्या सतत पळत राहिल्या आणि बसायच्या जागा सोडून झुडपांत अंडी घालू लागल्या तर हाती येणारी अंडी कमी होतात. फलित अंडे खाण्यास पूर्णपणे योग्य असते. चव आणि पोषण यांत फरक नसतो. फोडून पाहिल्यास बलकावर एक लहान पांढरा ठिपका दोन्ही प्रकारच्या अंड्यांत असतो. अफलित अंड्यात तो लहान आणि विस्कटलेला, तर फलित अंड्यात गोल कडी असलेला दिसतो. बलकावर क्वचित दिसणारा रक्ताचा थेंब हा फलित असल्याचा पुरावा नव्हे. अंडे तयार होताना बारीक रक्तवाहिनी फुटल्यानेही तो येतो, आणि असे अंडे अफलितही असू शकते.

फरक पडतो तो टिकाऊपणात. फलित अंड्यातील गर्भाची वाढ साधारण २० ते २१ अंश सेल्सिअसच्या वर मंदपणे सुरू होऊ शकते, आणि उबवणीचे तापमान साडेसदतीस अंशांच्या आसपास असते. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातल्या स्वयंपाकघरात पारा तेहतीस-चौतीसच्या पुढे जातो, आणि घाटावर किंवा विदर्भात चाळिशी ओलांडतो. अशा हवेत टोपलीत ठेवलेल्या फलित अंड्यात गर्भ थोडा वाढतो, मरतो आणि अंडे लवकर बिघडते. फोडल्यावर बलकावर रक्ताचे कडे दिसते आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. म्हणूनच उष्ण प्रदेशात खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबडा न ठेवण्याचा सल्ला दिला जातो. शेजारचा कोंबडा थांबेपर्यंत तुम्ही दिवसातून दोनदा अंडी गोळा करा, न धुता थंड जागी किंवा फ्रिजमध्ये ठेवा, आणि उन्हाळ्यात आठवड्याच्या आत संपवा. तुमच्या गावठी कोंबड्यांपैकी एखादी खुडूक होऊन अंड्यांवर बसली असेल तर तिच्याखालची अंडी विकू नका. किती दिवसांची आहेत याची शंका असेल तर काळोख्या खोलीत बॅटरीच्या झोतावर धरा. चार-पाच दिवस उबवलेल्या फलित अंड्यात लाल धाग्यांचे कोळ्यासारखे जाळे स्पष्ट दिसते.

कोंबडा थांबला म्हणजे दुसऱ्या दिवसापासून अंडी अफलित होतील, असे मात्र नाही. कोंबडीच्या अंडनलिकेत शुक्रजंतू साठवणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात आणि त्यांत ते बराच काळ जिवंत राहतात. शेवटच्या मीलनानंतर दहा ते चौदा दिवस बहुतेक अंडी फलित येतात, काहींत हा काळ तीन आठवड्यांपर्यंत लांबतो. जे लोक कडकनाथसारखी जात शुद्ध राखून पिल्ले विकतात त्यांनी परका कोंबडा शिरल्यास चार आठवड्यांची अंडी उबवणीला घालू नयेत. अशा संकरातली काही पिल्ले काळसर दिसतात, पण ती कडकनाथ नव्हेत. तुमच्या बाबतीत हा मुद्दा कमी महत्त्वाचा आहे, कारण वनराज आणि ग्रामप्रिया या मुळातच संकरित जाती आहेत आणि त्यांची पुढची पिढी आईइतकी अंडी देईल याची खात्री नसतेच.

रोगांकडे येतो. राणीखेत, ज्याला गावाकडे मानमोडी म्हणतात, तो रोग विषाणूमुळे होतो आणि त्यावर औषध नाही. हिरवट पातळ हगवण, चोच उघडून श्वास घेणे, मान वाकडी होणे आणि मग मरण, असा त्याचा क्रम असतो. लस न दिलेल्या कळपात क्वचितच काही वाचते. विष्ठा, लाळ, पायाला लागलेली माती यांतून तो पसरतो. लक्षणे दिसण्याआधी साधारण पाच-सहा दिवस, कधी दोन आठवडेसुद्धा, विषाणू शरीरात असतो. म्हणजे आज गडग्यावर उभा राहून ऐटीत आरवणारा कोंबडा निरोगीच आहे असे म्हणता येत नाही. त्यातही तो आठवडा बाजारातून नुकताच आणलेला असेल, किंवा कुठे झुंजीला नेला जात असेल, तर धोका कित्येक पटींनी वाढतो, कारण अशा ठिकाणी अनेक गावांचे पक्षी एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर येतात. कोंबड्यांची देवी हा दुसरा विषाणूजन्य रोग डासांमुळे आणि झटापटीतल्या ओरखड्यांतून पसरतो. तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती खपल्या दिसतात. याशिवाय सर्दी-घुरघुरीचे जिवाणूजन्य आजार, रक्ती हगवण, पोटातले जंत, उवा आणि गोचीड हे सारे त्याच वाटेने येते.

यावरचा खरा उपाय लसीकरण हा आहे, आणि इथेच शेजाऱ्याशी बोलण्याची सर्वांत चांगली वाट सापडते. राणीखेतची लस लहान बाटलीतही साधारण शंभर पक्ष्यांना पुरेल इतकी येते. ती दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते आणि एकदा पातळ केली की दोनेक तासांत वापरून संपवावी लागते. उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. आठ कोंबड्यांसाठी बाटली फोडणे कोणालाच परवडत नाही, म्हणून परसातल्या कोंबड्या लशीवाचून राहतात आणि दरवर्षी वाडीत मर लागते. त्याऐवजी तुम्ही पुढाकार घ्या, शेजारच्या घराला आणि वाडीतल्या आणखी चार-पाच घरांना विचारा, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून एकाच संध्याकाळी सगळ्यांच्या कोंबड्यांना लस देण्याची व्यवस्था करा. पुण्यात औंध येथे राज्य शासनाची पशुवैद्यकीय लसी तयार करणारी संस्था आहे आणि पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यांमार्फत लस मिळते. काळोख पडल्यावर कोंबड्या खुराड्यात बसल्या की पकडायला त्रास होत नाही.

पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतच्या लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात देतात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा देतात, आणि आठव्या आठवड्यात राणीखेतचीच आर-टू-बी लस टोचतात. अंड्यावर असलेल्या कोंबड्यांना आर-टू-बी टोचली तर काही दिवस अंडी घटतात. त्यामुळे तुमच्या कोंबड्यांना कोणती लस द्यायची ते पशुवैद्यकांनाच ठरवू द्या. पाण्यातून द्यायची झाल्यास नळाचे क्लोरीनयुक्त पाणी चालत नाही, विहिरीचे घ्यावे. एक बाब ध्यानात ठेवावी: लस घेतलेला पक्षी स्वतः आजारी पडला नाही तरी विषाणू विष्ठेतून बाहेर टाकू शकतो. म्हणजे फक्त तुमच्या कोंबड्यांना लस दिली तर शेजाऱ्याचा कळप तुमच्यामुळेही आजारी पडू शकतो, आणि दोष कोणाचा यावरून भांडण होते ते वेगळेच.

बर्ड फ्लूचा उल्लेख घाबरवण्यासाठी करत नाही. २००६ साली फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला उद्रेक झाला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे पुन्हा झाला. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीचा २००९ चा केंद्रीय कायदा मालकावर खबर देण्याची जबाबदारी टाकतो. तुमच्या किंवा शेजारच्या परसात एक-दोन दिवसांत बरेच पक्षी मेले तर मेलेले पक्षी उघड्या हातांनी उचलू नयेत, ओढ्यात टाकू नयेत, आणि दवाखान्याला लगेच कळवावे.

कोंबड्याला थांबवायचे कसे, या प्रश्नावर बहुतेक जण काठी, दगड आणि कुत्रा यांपासून सुरुवात करतात. त्यांनी कोंबडा अर्धा तास लांब जातो. तो दोन कारणांसाठी येतो, दाणा आणि कोंबड्या. दाण्याचे कारण तुम्ही आजच काढू शकता. परसात उघड्यावर तांदळाची कणी किंवा भरडा फेकणे बंद करा. खुराड्याच्या आत, दार लावून, संध्याकाळी कोंबड्या परतल्यावर खाणे द्या. दिवसभर चरणाऱ्या कोंबडीला वरून चाळीस ते साठ ग्रॅम खाद्य पुरते, पूर्ण बंदिस्त कोंबडीला मात्र शंभर ते एकशेवीस ग्रॅम लागते; आठ कोंबड्यांचे किती होते ते मोजून ठेवा, म्हणजे उरलेले सांडून राहणार नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असते, आणि ते सतत खाल्ल्यास कोंबड्याच्या मूत्रपिंडाला अपाय होतो. शेजाऱ्याला सांगण्याजोगे हेही एक कारण आहे, आणि ते खरे आहे.

दुसरे कारण काढण्यासाठी कोंबड्यांना जाळीचे बंदिस्त अंगण करावे लागेल. याला पर्याय नाही असे माझे मत आहे. दर कोंबडीमागे किमान दहा चौरस फूट धरले तर आठ कोंबड्यांना आठ फूट रुंद आणि दहा-बारा फूट लांब जागा पुरेल. सहा फूट उंच जाळी वनराजसारख्या जड कोंबडीला आत ठेवते, पण हलक्या अंगाचा गावठी कोंबडा तेवढी उंची आधी गडग्यावर, मग फांदीवर, अशा दोन उड्यांत पार करतो. म्हणून वरून झाकणे भाग आहे. कोकणात त्यासाठी सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे बंदरावर मिळणारे मासेमारीचे जुने जाळे. त्याने घारीचाही बंदोबस्त होतो. मात्र हे जाळे जमिनीपर्यंत लोंबू देऊ नका. नायलॉनच्या जाळ्यात धामण, घोणस असे साप अडकतात, आणि अडकलेली घोणस सोडवणे हे घरच्या माणसाचे काम नव्हे. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी लावून ती वीतभर जमिनीत गाडा, नाहीतर कोंबडा थांबेल आणि मुंगूस शिरेल.

खालचे हेच दोन फूट झावळ्यांनी किंवा पत्र्याने बाहेरून आंधळे करा. कोंबड्या दिसत राहिल्या तर तो दिवसभर जाळीभोवती फेऱ्या घालतो, एक पंख खाली टाकून गिरक्या घेतो, दाणा सापडल्याचा खोटा आवाज काढून कोंबड्यांना जाळीजवळ बोलावतो, आणि कोंबड्याही चरायचे सोडून तिथेच घुटमळतात. आडोसा केल्यावर साधारण आठवडाभरात त्याचे येणे कमी होते. पावसाळ्यात बंदिस्त अंगणाची माती चिखल होऊन रक्ती हगवणीला आमंत्रण मिळते, म्हणून जूनच्या आधी जमीन थोडी उंच करून वर भाताचे तूस पसरावे आणि ओले झालेले वरचेवर काढून टाकावे.

परका कोंबडा दूर राहावा म्हणून स्वतःचा कोंबडा आणण्याचा सल्ला काही जण देतील. तो मानू नका. दोन कोंबडे जाळीच्या आरपारसुद्धा एकमेकांचे तुरे रक्तबंबाळ करतात, आणि मग एका कोंबड्याच्या जागी दोघांचा प्रश्न उभा राहतो. आरवण्याचा त्रास होत असेल तर त्यावर उपाय जवळजवळ नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही हे खरेच, आणि झाकलेले कोंबडेही शरीरातल्या घड्याळाप्रमाणे वेळेवर आरवतेच. लहान मुलांच्या अंगावर तो धावत असेल तर मुलांना पळू नका असे शिकवा आणि हाती झाडू द्या. त्याची झेप चेहऱ्यापर्यंत पोचू शकते, म्हणून लहान मुलाला परसात एकटे सोडू नका.

शेजाऱ्याकडे जाण्यापूर्वी दोन-तीन दिवस नुसते निरीक्षण करा. त्यांच्याकडे एकच कोंबडा आहे की दोन? दोन असतील तर तुमच्याकडे येणारा बहुधा हरलेला असतो. थोरला त्याला स्वतःच्या कोंबड्यांजवळ फिरकू देत नाही म्हणून तो गडगा ओलांडतो. असा कोंबडा शेजाऱ्याच्याही उपयोगाचा नसतो आणि तो विकायला त्यांची हरकत नसते. एकच कोंबडा आणि दोन-तीनच कोंबड्या असतील तर तो तुमच्याकडे येणार हे ठरलेलेच, कारण एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असणे हे योग्य प्रमाण आहे. कोंबडा नवसाचा किंवा देवाच्या राखणीसाठी ठेवलेला असेल, तर विकण्याचा विषयही काढू नका. तो दिवस येईपर्यंत त्यांनी कोंबडा डालग्याखाली ठेवावा एवढेच मागा. आषाढ जवळ आला असेल तर मी तर म्हणेन की थोडे थांबा, कारण असे कितीतरी तंटे श्रावण लागायच्या आत आपोआप मिटतात.

बोलायला जाताना जखमी कोंबडी हातात घेऊन जाऊ नका आणि चारचौघांसमोर विषय काढू नका. घरातल्या कोंबड्या बहुतेक ठिकाणी बाईमाणसांच्या देखरेखीखाली असतात. तेव्हा ओटीवर काकांशी बोलण्यापेक्षा मागील दारी काकूंशी बोललेले अधिक उपयोगी पडते. ‘तुमचा कोंबडा आवरा’ असे म्हणण्याऐवजी ‘काकू, वाडीत मानमोडीची लस आणायची म्हणते, तुमच्या किती कोंबड्या धरू?’ येथून सुरुवात केली तर पुढचे सगळे सोपे जाते. त्यानंतर मागायच्या गोष्टी लहान आणि नेमक्या असाव्यात. टाचेवरच्या काट्याचे टोक कानशीने बोथट करून घ्यावे. काट्याच्या आत रक्त असते, त्यामुळे फक्त टोकच घासायचे. एका पंखाची टोकाकडची लांब पिसे कापली तर त्याचा तोल जातो आणि गडगा ओलांडता येत नाही. पिसे झडून नवी येईपर्यंत हा उपाय टिकतो. ही दोन्ही कामे त्यांच्या संमतीने आणि शक्यतो त्यांच्याच हातून व्हावीत.

दिवसभर कोंबडा बांधून ठेवणे त्यांना जमणार नसेल तर वेळ वाटून घ्या. कोंबड्या बहुतेक अंडी सकाळी आणि दुपारपर्यंत घालतात, आणि कोंबड्याचा मीलनाचा जोर दुपारनंतर ते सूर्यास्तापर्यंत अधिक असतो. म्हणून त्यांचा कोंबडा सकाळी मोकळा आणि तुमच्या कोंबड्या जाळीत, मग चार वाजता तो डालग्याखाली आणि तुमच्या कोंबड्या परसात, अशी व्यवस्था दोघांनाही पेलते.

बोलूनही काही होत नसेल तर कायद्याचा आधार फारसा नाही, हे आधीच समजून घ्या. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात, ज्याच्या आधारे कोंडवाडे चालतात, गायी-म्हशींपासून शेळ्या-मेंढ्या आणि डुकरांपर्यंत जनावरांची नावे आहेत, कोंबड्यांचे नाही. ग्रामपंचायतीत तोंडी सांगून सरपंचांना मध्यस्थी करायला लावणे एवढेच व्यवहारात उरते. कोंबडा पकडून परत देण्यात गैर काही नाही: अंधार पडल्यावर कोंबड्यांना दिसत नाही, त्यामुळे एखाद्या रात्री तो तुमच्याच झाडावर बसला तर अलगद उचलून डालग्यात घाला आणि सकाळी पोचवा. मात्र त्याला मारून टाकणे, विषारी दाणे टाकणे किंवा पाय मोडणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला मारणे, विष घालणे किंवा जायबंदी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. शिवाय विषारी दाणा कोणाच्या पोटात जाईल हे तुमच्या हातात नसते. त्यात पहिल्या मरतात त्या घरच्याच कोंबड्या.

शेवटी एक वेगळा पर्यायही मोकळा आहे. तुमच्या तीन गावठी कोंबड्यांपैकी एखादी खुडूक होत असेल आणि घरची पिल्ले हवी असतील, तर हाच कोंबडा ठरवून महिनाभर आत घ्या: आधी लस, जंताचे औषध आणि उवांची तपासणी, मग काटा घासून प्रवेश. एकवीस दिवसांनी निघणाऱ्या पिल्लांतली निम्मी शेजाऱ्यांना द्यायची, असे अर्ध्या वाट्याने ठरवा. त्या काळात पाठ उघडी पडलेल्या दोन कोंबड्या आणि जखमी कोंबडी मात्र त्याच्यापासून दूर, वेगळ्या जाळीतच राहू द्या, आणि जंताच्या औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत ते दवाखान्यात विचारून घ्या.